अनिकेत : धर्मशाळा बांधणाऱ्या बाबांचं बिऱ्हाड



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १९.

गेले काही दिवस आपण भक्तियोगातली भक्ताची लक्षणं एकेक करून वाचतोय. तेराव्या श्लोकापासून ही यादी सुरू झाली. कोणाचा द्वेष नाही, सगळ्यांशी मैत्री, मनात करुणा. सोळाव्या श्लोकात शुचि आणि दक्ष हे दोन शब्द आले होते, आठवतंय ना? शुचि म्हणजे स्वच्छ, आतून-बाहेरून. दक्ष म्हणजे कामात हुशार, जागा. आज यादी जवळजवळ संपत आली आहे. निंदा आणि स्तुती ज्याला सारखी, जे मिळेल त्यात जो समाधानी, असं म्हणता म्हणता भगवंत एक छोटासा शब्द टाकून जातात. अनिकेत.

निकेत म्हणजे घर. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो.

खरं सांगू? हा शब्द वाचला की मला जरा धसकाच बसतो. आपल्यापैकी कितीतरी जणांचा अर्धा पगार घरभाड्यात नाहीतर हप्त्यात जातो. स्वतःचं छोटंसं घर व्हावं म्हणून दोघं दोघं राबतात. आणि इथे भगवंत म्हणतात की घर नसलेला भक्त मला आवडतो! मग आपण काय करायचं?

माउलींनी ज्ञानेश्वरीत या शब्दाची फार गोड उकल केली आहे. वाऱ्याला जसं एका जागी बिऱ्हाड नसतं, तसा हा भक्त एका ठिकाणी अडकून पडत नाही. पण पुढे माउली असंही सांगतात की त्याला घर नाही असं नाहीच. सगळं विश्वच त्याला आपलं घर वाटतं. म्हणजे अनिकेत हा बेघर नव्हे. 'हे माझं' अशी रेघ त्यानं कुठेही ओढलेली नसते, एवढंच.

ऐकायला छान वाटतं. पण असा माणूस चालतो कसा, जेवतो कसा, काम कसं करतो? मला या शब्दाचा अर्थ एका माणसाच्या आयुष्यातून कळला, आणि गंमत म्हणजे त्या माणसाला हा श्लोक वाचता आला नसता. त्यांना अक्षरओळखच नव्हती. ते म्हणजे आपले गाडगेबाबा.

बाबांचं नाव आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या. चित्र इतकं ओळखीचं झालंय की आपण त्याच्याकडे नीट बघतच नाही. म्हणून आज थोडं सावकाश बघूया.

२३ फेब्रुवारी १८७६. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. परीट समाजातल्या झिंगराजी आणि सखूबाई जानोरकरांच्या घरी मुलगा झाला. नाव डेबूजी. वडिलांना दारूचं व्यसन लागलं आणि त्यात संसार बुडाला. डेबू आठेक वर्षांचा असतानाच वडील गेले. सखूबाई लेकराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावात, भावाकडे.

मामाकडे डेबू गुरं राखायला लागला. मग शेतीत रमला. कामाला वाघ होता. पूर्णा नदीत पट्टीचा पोहायचा. रात्री गावात भजनाला बसायचा आणि त्या भजनात जातपात बघायचा नाही. शाळेचं तोंड मात्र पाहिलं नाही. त्या काळात, त्या घरात, गुराख्याच्या पोराला शाळेत कोण धाडणार?

आणि मग त्या घरावर सावकार आला. मामा चंद्रभान सरळ माणूस. लिहिता-वाचता येत नव्हतं. कर्जाच्या कागदांवर काय लिहिलंय ते कळत नव्हतं आणि अंगठे मात्र उठत होते. सोन्यासारखी जमीन हातची गेली. मामांनी हाय खाल्ली आणि ते गेले. डेबूजीनं सावकाराशी झगडा केला, शेताचा ताबा सहज सोडला नाही. पण त्या वयात त्याच्या डोळ्यांसमोर एक गोष्ट लख्ख झाली. गरीब माणूस घाम गाळायला कमी पडत नाही. त्याला कागद वाचता येत नाही, तिथे तो मरतो. सण-लग्नासाठी ऋण काढतो, तिथे मरतो. आणि दारूत मरतो. वडील दारूनं गेले होते, मामा कर्जानं गेले होते. पुढे पन्नास वर्षं बाबा कीर्तनातून जे सांगत फिरले त्याची पोथी ही अशी घरातच लिहिली गेली होती.

१८९२ साली लग्न झालं. पत्नीचं नाव कुंताबाई. मुलगी झाली, तिचं बारसं आलं. जातीच्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी मटणाचं जेवण आणि दारू लागायची. डेबूजीनं गोडाचं जेवण घातलं. नातेवाईक नाराज झाले, पण तो बधला नाही. भाषण नाही, वाद नाही. आपल्या घरच्या कार्यात आपण बदल करायचा आणि बघणाऱ्यांना बघू द्यायचं. बाबांची पुढची सगळी पद्धत या बारशात दिसते.

१ फेब्रुवारी १९०५. या दिवशी पहाटेच्या अंधारात डेबूजी घरातून बाहेर पडले. मागे म्हातारी आई, बायको आणि लहान लेकरं.

इथे मला थांबावंसं वाटतं. संतचरित्र वाचताना आपण हे वाक्य भराभर ओलांडतो. घर सोडलं, पुढे चला! पण ज्यांना सोडलं त्यांचं काय? अनिकेत होणाऱ्याच्या मागे ज्यांनी निकेत सांभाळलं, त्या सखूबाई आणि कुंताबाई. त्यांच्या वाट्याला कोणी हार घालायला गेलं नाही. बाबांच्या सेवेची किंमत या दोघींनीही मोजली आहे. हे वाचून कोणाला टोचलं तर टोचू द्या. मलाही टोचतं. बाबांवरची श्रद्धा त्यामुळे कमी होत नाही, उलट ते एवढी मोठी किंमत देऊन जे करायला निघाले ते नेमकं काय होतं, हे बघायची जबाबदारी वाढते.

तर ते काय करत होते?

साधारण बारा वर्षं ते नुसते फिरले. ओळख नाही, नाव नाही. अंगावर रंगीबेरंगी चिंध्यांची गोधडी. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात मातीचं फुटकं गाडगं, त्यातच खायचं, त्यातच प्यायचं आणि ऊन लागलं की तेच डोक्यावर पालथं घालायचं. लोकांनी नावं ठेवली. कुणी गोधडेबाबा म्हणालं, कुणी चिंधेबाबा. शेवटी गाडगेबाबा हे नाव चिकटलं. यातलं एकही नाव त्यांनी स्वतः घेतलं नव्हतं.

एखाद्या गावात शिरले की खराटा घ्यायचा आणि वेशीपासून झाडायला सुरुवात करायची. कुणाची परवानगी नाही, सभा नाही. गटार तुंबलंय, उपस. रस्त्यात खड्डा आहे, बुजव. आधी पोरं जमायची, हसायची. मग एखादा म्हातारा ओशाळून फावडं घेऊन यायचा. दुपारपर्यंत अर्धं गाव कामाला लागलेलं असायचं. कुणी भाकरी दिली तर ती कामाच्या बदल्यात घ्यायची, फुकट नाही. संध्याकाळी कीर्तन. आणि गाव पाया पडायला जमायच्या आत बाबा पुढच्या गावाच्या वाटेला लागलेले.

हल्ली आपण याला स्वयंसेवा म्हणतो. लोक जमवायला ग्रुप काढतो, फॉर्म भरून घेतो, टी-शर्ट छापतो. ते करावंच, काही वाईट नाही. पण बाबांचं सूत्र बघा. त्यांनी लोकांना आधी बोलावलं नाही, आधी काम सुरू केलं. खराटा चालताना दिसला की तो आपोआप दुसऱ्याच्या हातात जायचा. सोळाव्या श्लोकातले शुचि आणि दक्ष हे दोन शब्द मला इथे रस्त्यावर, धुळीत भेटतात.

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. पौष महिन्यात रविवारी तिथे मोठी जत्रा भरते. तिथल्या स्नानानं माणूस ऋणातून मोकळा होतो अशी श्रद्धा. ज्या माणसाच्या मामाची जमीन ऋणापायी गेली तो त्या जत्रेला आला आणि त्यानं काय पाहिलं? नदीची दरड उतरताना भाविक चिखलात घसरून पडतायत. बायका, म्हातारी माणसं, लेकरं कडेवर घेतलेल्या आया. बाबांनी फावडं घेतलं आणि दरडीत पायऱ्या खोदायला सुरुवात केली. चिखलावर माती-मुरूम टाकली. पुढे लोकवर्गणीतून तिथे पक्का घाट बांधला गेला. तीर्थावर आलेल्या माणसाला देव भेटतो की नाही हे देव जाणे, पण त्याचा पाय घसरू नये हे आपल्या हातात आहे. बाबांना हे आधी सुचलं.

घाटानंतर आल्या धर्मशाळा.

आज आपण पंढरपूरला जातो तेव्हा मोबाइलवर खोली बुक करतो. शंभर वर्षांपूर्वीचा वारकरी कल्पून बघा. पायी चालून आलेला, गाठीला पैसा नाही, पावसात भिजलेला. उतरायला जागा म्हणजे कुणाचा तरी ओटा नाहीतर वाळवंट. आणि तो महार-मांग असेल तर ओटासुद्धा नाही. विठ्ठलाच्या दारी आल्यावरही त्याला माणसांच्या दारी थारा नव्हता.

बाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधली ती याच माणसांसाठी, आणि तिला नाव दिलं चोखामेळा. चोखोबांना जिवंतपणी देवळात येऊ दिलं नव्हतं, त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे. त्यांच्या नावानं आता पंढरपुरात घर उभं राहिलं. साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं झालं ते १९४७ साली. बाबांनी त्याच्या कितीतरी आधी, देऊळ उघडायची वाट न बघता, देवळाबाहेर छप्पर घातलं होतं.

पंढरीला बाबा नेमानं यायचे, पण देवळात शिरत नसत. चंद्रभागेचं वाळवंट झाडायचं आणि तिथेच कीर्तन करायचं. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. वऱ्हाडी बोलीत समोरच्या शेतकऱ्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घ्यायचे. कर्ज काढून सण करावा का? देवापुढे बकरं मारावं का? दारू प्यावी का? माणसाचा विटाळ मानावा का? पोराला शाळेत घालावं का? भांडी विकायची वेळ आली तरी पोरांचं शिक्षण थांबवू नका, हे ते पुन्हा पुन्हा बजावायचे. मध्ये मध्ये गोपाळाच्या नावाचा गजर. हजारो लोक डोलायचे, हसायचे आणि हसता हसता खजील व्हायचे. गरिबांची बाजू मांडायला बाबा सरकारदरबारी निवेदनं घेऊन बसले नाहीत. त्यांनी ती बाजू खुद्द गरिबांसमोर मांडली, त्यांच्याच भाषेत.

पंढरपूरनंतर नाशिक, आळंदी, देहू. जिथे गरीब यात्रेकरू जातो तिथे बाबांची धर्मशाळा उभी राहत गेली. आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नदान सुरू झालं. मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी धर्मशाळा झाली, ती देवाच्या यात्रेकरूंसाठी नव्हती. गावाकडून रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक रुग्णालयाबाहेर फुटपाथवर झोपायचे, त्यांच्यासाठी होती. मुंबईकर मंडळींनो, दादरलाही गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचारांसाठी आलेली बाहेरगावची माणसं तिथे राहतात. स्टेशनवरून धावपळीत जाताना कधीतरी त्या बाजूला वळून बघा. बाबांच्या मनातला यात्रेकरू म्हणजे काय ते तिथे पायऱ्यांवर बसलेलं दिसेल. मांडीवर फायलींची पिशवी, हातात चहाचा कागदी कप, आणि घरी फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगणारा आवाज.

आता आजच्या शब्दाकडे परत येऊ. अनिकेत.

एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, लाखो रुपये उभे राहिले. पण बाबा पैशाला हात लावत नसत. देणगी द्यायला आलेल्या माणसाला ते पंचांकडे पाठवायचे. प्रत्येक कामासाठी जबाबदार माणसं नेमलेली, विश्वस्त मंडळ केलेलं, हिशेब त्यांच्याकडे. त्या इमारतींवर त्यांनी स्वतःचा हक्क ठेवला नाही, घरच्यांचाही नाही. स्वतः ते झाडाखाली, झोपडीत, जागा मिळेल तिथे राहायचे. हजारो माणसांच्या डोक्यावर छप्पर घालणाऱ्या माणसाचं बिऱ्हाड कुठे होतं? गाडगं, खराटा, गोधडी. माउलींच्या वाऱ्यासारखं.

आणि सगळ्यात कठीण गोष्ट पुढे आहे. १९४९ साली बाबांनी ती पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. विचार करा, किती वर्षांची मेहनत! कितीतरी गावांतून, कितीतरी कीर्तनांतून एकेक रुपया गोळा होऊन उभी राहिलेली वास्तू. पण काळ बदलला होता. ज्या माणसांसाठी ती बांधली त्यांना आता रात्रीपुरत्या आसऱ्याबरोबर शिक्षणाची वाट हवी होती, आणि ती वाट दाखवणारा माणूस समोर होता. मग वास्तू त्याच्या हाती द्यायची. कर्मवीर भाऊराव पाटलांशीही बाबांचा असाच जिव्हाळा होता. कराडला रयत शिक्षण संस्थेनं १९५४ साली काढलेल्या कॉलेजला गाडगे महाराजांचंच नाव आहे. शाळेत कधी न गेलेल्या माणसाचं नाव कॉलेजला!

दान देणं आपल्याला जमतं. महिन्याला काही रुपये खात्यातून परस्पर जातात, मन हलकं होतं. पण आपण उभं केलेलं काम, आपल्या घामाचं काम, जास्त योग्य माणूस दिसल्यावर त्याच्या हाती देऊन बाजूला होणं? तिथे भल्याभल्यांचा पाय अडकतो. तिथे कळतं की आपण सेवेत आलो होतो की सेवेत घर करून राहिलो होतो.

मध्यंतरी मी एका सेवागटाच्या बैठकीला बसले होते. वारीच्या वाटेवर कचरा गोळा करायचा होता. पिशव्या किती लागतील, टँकर कुठे उभा राहील, हे पंधरा मिनिटांत ठरलं. बॅनरवर कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली, यावर तासभर गेला. माणसं सगळी चांगली होती, सुट्टी टाकून आलेली. मी तिथे बसल्या बसल्या विचार करत होते की निकेत हे काही विटांचंच असतं असं नाही. बॅनरवरची एक ओळसुद्धा घर होऊ शकते. व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद घर होऊ शकतं. 'हे मी सुरू केलं' हे वाक्य तर भलं मोठं घर आहे, त्यात आयुष्यभर राहता येतं.

मग भगवंतांचा शब्द मला भीतीदायक वाटेनासा झाला. ते आपलं एक खोली-स्वयंपाकघर मागत नाहीयेत. घरी राहा, हप्ते भरा, आईवडिलांना सांभाळा, लेकरांना शिकवा. कुंताबाईंची किंमत आठवली की घर टाकून पळायची गरज नाही हेही उमजतं. सेवेत मात्र घर बांधू नका. तिथे वाऱ्यासारखे या, काम करा, चांगल्या हाती सोपवा आणि पुढे चला.

याच श्लोकात आणखी एक शब्द आहे, स्थिरमती. ज्याची बुद्धी स्थिर आहे तो. घर नाही आणि तरी स्थिर! हे कसं जमतं त्याचा एक प्रसंग सांगते आणि मग आपण संपवू.

१९२३ साल. कोकणात खारेपाटणला बाबांचं कीर्तन चालू होतं. तिथे त्यांना निरोप मिळाला की त्यांचा मुलगा गोविंदा गेला. समोर लोक बसलेले. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. पुढे चालू ठेवलं. काही जण याला निष्ठुरपणा म्हणतील. मला तसं वाटत नाही. ज्यांच्या घरात तापानं, पटकीनं, प्लेगनं लेकरं जात होती अशीच माणसं समोर बसली होती. त्यांच्या दुःखापेक्षा माझं दुःख मोठं असं म्हणायला त्यांच्यापाशी वेगळं घर उरलेलं नव्हतं. विश्वच घर झालं की त्यातलं प्रत्येक मरण घरातलंच. आपल्याला हे झेपणार नाही, झेपावं असा आग्रहही नाही. पण माउली विश्वाला घर म्हणतात तेव्हा त्या बोलण्याला केवढं वजन आहे ते कळावं म्हणून सांगितलं.

१९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झालं, म्हणजे पुढची व्यवस्थाही बाबांनी लावून दिली. त्यांनी कोणाला शिष्य केलं नाही, गादी केली नाही, मठ केला नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला त्यांनी शेवटचं कीर्तन केलं. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. ते तेव्हा प्रवासात होते, मोटारीत. घरात नाही, आश्रमात नाही, स्वतः बांधलेल्या एकाही धर्मशाळेत नाही. वाटेवर. अनिकेत शब्दाचा अर्थ शेवटच्या श्वासापर्यंत पाळला गेला.

आज त्यांच्या नावानं विद्यापीठ आहे, ग्रामस्वच्छता अभियान झालं, चौकाचौकांत पुतळे आहेत. ते सगळं लोकांनी दिलं. त्यांनी मागे ठेवलं ते एवढंच. आंधळ्या-पांगळ्यांसाठी शिजणारं अन्न, यात्रेकरूला रात्री अंग टाकायला जागा आणि फुटपाथऐवजी खोलीत झोपलेला एखादा रुग्णाचा बाप.

आजचा संकल्प

या आठवड्यात आपण जिथे कुठे सेवा करतो, मग ती सोसायटीतली असो, देवळातली, रक्तदान शिबिराची किंवा वस्तीतल्या मुलांच्या शिकवणीची, तिथे जाताना तीन प्रश्न सोबत नेऊया.

एक. मी लोकांना बोलवायच्या आधी काम सुरू केलंय का?

दोन. इथला पैसा आणि हिशेब माझ्या एकट्याच्या हाती तर नाही ना?

तीन. माझ्यापेक्षा योग्य माणूस उद्या आला तर किल्ली त्याच्या हातात देताना माझा हात थरथरेल का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नका. रात्री हरिपाठ झाल्यावर शांतपणे स्वतःलाच विचारा. आणि जमलं तर या आठवड्यात एक छोटी किल्ली खरोखर देऊन बघा. एखादा उपक्रम, एखादी यादी, ग्रुपचं एखादं काम. नवख्या मुलाच्या हाती द्या, त्याला शिकवा, चुकला तर सांभाळून घ्या आणि श्रेय त्याला घेऊ द्या.

उद्या बाराव्या अध्यायाचा शेवटचा श्लोक वाचूया. तोपर्यंत खराटा हाती असू द्या आणि बिऱ्हाड हलकं.

राम कृष्ण हरी!